आणि एक भोराला

मोजणीच्या बाबतीत रखमाजीला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. बाकी काहीही बोला. त्याचं मुंडासं वाकडं आहे म्हणा, त्याच्या घोरण्यानं वस्तीवरची कुत्री जागी राहतात म्हणा, तो हसून सोडून द्यायचा. पण 'रखमाजी, एक करडू कमी दिसतंय' असं कुणी म्हटलं, की गडी पेटलाच. विंझरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर चार खोपटांची वस्ती होती. तिथं त्याचं खोपट, आणि खोपटाला लागून शेरडांचं काटेरी वाडगं. दिवस मावळायच्या सुमारास तो वाडग्याच्या तोंडाशी उकिडवा बसायचा आणि आत शिरणाऱ्या एकेका शेरडाच्या पाठीवर हात टाकत सुरात मोजायचा. पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन करत करत त्रेसष्टाला मोजणी संपली, की तो तोंडाशी बाभळीची काटी ओढून घ्यायचा, गुडघ्यांवर हात टेकून उठायचा आणि म्हणायचा, "आन् एक भोराला."

हे भोराला असलेलं एक म्हणजे शेरडू नव्हतं. ते भेकर होतं.

सात वर्षांपूर्वी एका मंगळवारी रखमाजीच्या बायकोला, ठकुबाईला, करवंदीच्या जाळीत भेकराचं पाडस सापडलं. आई बिबट्यानं नेलेली. ठकुबाईनं ते पदरात गुंडाळून आणलं, एका दुभत्या शेळीच्या अंगाला लावलं, आणि शेळीनं दोनदा हुंगून त्याला आपलं म्हटलं. मंगळवारी सापडलं म्हणून नाव मंगळी. भेकर ही हरणाचीच जात, पण अंगानं शेळीएवढी, तांबूस आणि लाजाळू. घाबरलं की मात्र कुत्र्यासारखं भुंकतं. मंगळी करडांत वाढली, करडांत झोपली. एकच तिची तऱ्हा होती. संध्याकाळी वाडग्यात शिरताना ती सगळ्यांच्या मागं राहायची, रखमाजीची मोजणी पुरी होईतो बाहेर थांबायची आणि अगदी शेवटी आत जायची.

पुढं करडांचे कान कातरायचा दिवस आला. चार घरांची शेरडं रानात एकमेकांत मिसळतात, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या करडांच्या कानाला आपली खूण करायची. रखमाजीची खूण म्हणजे डाव्या कानाच्या कडेला एक त्रिकोणी कात्रा आणि त्याच्या खाली एक बारीक चीर. ठकुबाई एकेक करडू उचलून त्याच्या मांडीवर द्यायची, तो कातरायचा, वर हळद दाबायचा आणि सोडून द्यायचा. त्या दिवशी त्याचा व्याही गेनबा आलेला होता, आणि व्याह्यापुढं रखमाजीच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "व्याही, डोळे मिटून सांगतो. नुसत्या हातानं वळखतो, कुठल्या शेळीचं करडू त्ये!" असं म्हणून त्यानं खरोखरच डोळे मिटले, मांडीवरच्या कानाला कात्रा दिला, चीर दिली, हळद दाबली. मांडीवरचं करडू भुंकलं.

गेनबा हसून हसून लोळला. तेव्हापासून घरात एक वाद कायमचा वस्तीला आला. रखमाजीचं म्हणणं, ठकुबाईनं मुद्दाम भेकरू दिलं. ठकुबाई म्हणायची, "त्येच आपलं करडांच्या रांगेत आलं, म्या उचलून दिलं. तुमाला डोळे कशाला दिल्यात द्येवानं?" मग रखमाजी मिशीवर हात फिरवून सांगायचा, "म्या चुकलो न्हाई. खूण लावायची व्हती, लावली." आणि विषय तिथंच तुटायचा.

पण खूण झाली ती झाली. रखमाजीच्या लेखी खुणेचं जनावर म्हणजे घरचं. वर्षाची झाल्यावर मंगळी खालच्या भातखाचरांत उड्या मारायला लागली, तिच्या भुंकण्यानं शेरडं चौखूर उधळायला लागली, रानाच्या शिपायानंही डोळे वटारले. शेवटी तिला भोरला दाजीसाहेबांच्या बागेत नेऊन सोडावं लागलं. दाजीसाहेब म्हणजे नोकरीतून मोकळे झालेले एक हौशी गृहस्थ. नीरेकाठच्या आपल्या आमराईत त्यांनी नाना तऱ्हेची जनावरं पाळली होती, आणि बाजारच्या दिवशी ती कुणालाही फुकट बघू देत. तिला सोडून रखमाजी वस्तीवर परत आला. संध्याकाळी मोजणी झाली, काटी ओढली, आणि तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "आन् एक भोराला."

त्यानंतर दर वर्षी दिवाळी झाली की सगळं घर बाग बघायला जायचं. वर्षभर त्याच्या गोष्टी पुरायच्या.

यंदा मात्र घरच हलणार होतं. व्याही गेनबानं खाली, नीरेच्या कालव्याच्या मुलखात, बस्तान बसवलं होतं. 'शेरडांना उसाचं वाढं हाय, बारमाही पाणी हाय, वाघरू न्हाई का काय न्हाई, निघून या,' असा त्याचा सांगावा आला. रखमाजीचा मुलगा सोनबा एका पायावर तयार. सोनबाची बायको बयाबाई बापाच्या शेजारी राहायला मिळणार म्हणून आतल्या आत खूश. ठकुबाईला डोंगरातल्या चार महिन्यांच्या ओलीचा वीट आला होता. रखमाजीही हो म्हणाला. गुरुवारचा दिवस ठरला, बैलगाडी सांगून झाली. आणि मग रखमाजीनं भंडाऱ्याची गोष्ट काढली.

त्याच्या घरची रीत अशी होती, की मुक्काम कायमचा हलायचा असला म्हणजे घरच्या कर्त्यानं बिरोबाचा भंडारा खुणेच्या प्रत्येक जनावराच्या कपाळाला आपल्या हातानं लावायचा आणि 'चला' म्हणायचं. ज्याला भंडारा लागला नाही ते मागं टाकलेलं. त्याच्या बापानं तोरण्याच्या पायथ्याकडून इकडं येताना एका लंगड्या बोकडाला भंडारा लावण्यासाठी अर्धा डोंगर पालथा घातला होता.

"त्रेसष्टांना लावतो गुरुवारी सकाळच्याला," रखमाजी म्हणाला. "पर एक ऱ्हातंय."

सोनबाच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. "आबा, मंगळी म्हंता काय? ती सहा वरसं झाली दुसऱ्याच्या दारात हाय!"

"खूण कुणाची हाय?"

"खूण आपलीच. पर ती तर चुकून लागलीया."

"चुकून?" रखमाजीच्या मिशा थरथरल्या.

सोनबानं जीभ चावली. ठकुबाई चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "अरं, जाऊन येऊ की समदी. नातीला बी जनावरं बगायचीत शेवटची. भंडारा लावल्याबिगर हे हितनं हलायचं न्हाईत, आन् ह्यांना सोडून मी बी हलायची न्हाई." झालं, ठरलं.

रखमाजीच्या मनात रितीपेक्षाही दुसरंच काही डाचत होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. खूण लावली म्हणजे शब्द दिला. त्या पोरीला आपण एकदा बागेत सोडून आलो, पण दर वर्षी तोंड दाखवलं. आता कालव्यावरून भोर कुठलं जवळ? ती तारेला नाक लावून वाट बघेल आणि समजेल, की म्हाताऱ्यानं आपल्याला मोजणीतून काढून टाकलं.

शेरडं शेजाऱ्यांच्या हवाली करून, बाजाराच्या आदल्या दिवशी मंडळी डोंगर उतरली. रखमाजी, ठकुबाई, सोनबा, बयाबाई आणि त्यांची सात वर्षांची साळू. नसरापूरपर्यंत पायी आणि पुढं मोटारीनं. मोटारीत बसल्या बसल्या रखमाजीनं माणसं मोजली आणि ड्रायव्हरला सुनावलं, "चौदाची जागा हाय, बावीस भरलीस. शेरडं बी आमी अशी कोंबत न्हाई." ड्रायव्हर म्हणाला, "मंग तुमी उतरा आज्या, एकवीस व्हतील." रखमाजी उतरला नाही. त्या रात्री भोरजवळच्या उत्रोलीत ओळखीच्या कोंडाबाईच्या ओसरीवर पथारी पडली, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपून सगळे बागेच्या फाटकाशी हजर झाले.

फाटकावर नेहमीचा चिमाजी नव्हता. त्याच्या जागी खाकी पट्ट्याचा, ताठ मिशांचा एक माणूस गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. मानसिंग त्याचं नाव. मोठ्या लढाईत समुद्रापार बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला, आणि ही बाग म्हणजे आपली पलटणच आहे अशा थाटात वागणारा.

"हात आत घालायचा न्हाई. खायाला टाकायचं न्हाई. आरडावरडा न्हाई. दुपारच्याला शिट्टी वाजली की समदी भाईर!" त्यानं एका दमात सांगून टाकलं.

"चिमाजी कुठं हाय?" रखमाजीनं विचारलं.

"थकला. लेकाकडं गेला. आता हितं मी."

रखमाजीनं कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीवर नकळत हात ठेवला. चिमाजी आपला माणूस होता, कुंपणाचं दार उघडून द्यायचा. आता हातच आत घालायचा नाही म्हटल्यावर भंडारा लावायचा कसा?

साळूला या काळजीशी देणंघेणं नव्हतं. तिला सगळ्यांचा निरोप घ्यायचा होता, आणि तोही कुणाला वाईट वाटू न देता. पहिला मान अस्वलाचा. एका डोळ्यानं अधू असलेलं ते अस्वल माणूस दिसला की उभं राहून पंजा कपाळाला लावायचं. मानसिंग आल्यापासून तर ते दोनदा लावायला लागलं होतं. साळूनंही दोनदा सलाम केला. "आमी कालव्यावर चाललो. तू नीट ऱ्हा," असं तिनं त्याला सांगितलं. अजगर दर वर्षीप्रमाणं झोपलेला होता. साळूनं त्याला हाक मारली, बराच वेळ वाट पाहिली, आणि मग मानसिंगला बजावलं, "उठला की सांगा त्येला, साळू येऊन गेली म्हणून." मानसिंगनं मान डोलावली. आपण मान डोलावली हे ध्यानात आल्यावर त्यानं घाईघाईनं मिशीला पीळ दिला. बयाबाई साळिंदरापुढं रेंगाळली. त्याचे काटे फुलले की तिला दर वर्षी घरातल्या कुणाची तरी आठवण व्हायची. कुणाची, ते तिनं सासूला अजून सांगितलेलं नव्हतं.

सोनबाची जागा ठरलेली. बिबट्याचा पिंजरा. गेल्या दहा वर्षांत बिबट्यांनी त्यांची अकरा शेरडं नेली होती, आणि रानात बिबट्याला तोंडावर बोलायची सोय नसते. म्हणून सोनबा वर्षातून एकदा या गजांपुढं उभा राहून पोटात साठलेलं सगळं ओकून घ्यायचा. या बिचाऱ्यानं त्यांचं एक करडूही खाल्लं नव्हतं; डोळे उघडले तेव्हापासून तो बागेतच होता. तो आपला जांभया देत ऐकून घ्यायचा. आजही सोनबानं सुरुवात जोरात केली. "अरं ए मुडद्या, काळ्या करडीला खाल्लीस, ती पचली का रं तुला?" पण पुढचं त्याला सुचेचना. "जाऊ दे," तो म्हणाला. "तिकडं तुझ्यावानी कुणी न्हाई म्हंत्यात. जिवाला जप." बिबट्यानं जांभई दिली, पण सोनबाला ती जरा वेगळी वाटली.

रखमाजी यात कुठंच नव्हता. तो थेट बागेच्या टोकाला, भेकरांच्या कुंपणाशी जाऊन उभा होता. तारेच्या आत दोन आंबे आणि मागं करवंदीची दाट जाळी. एक नर उघड्यावर उभा होता, बोटाएवढी शिंगं, दोन्ही कान धड. मंगळी दिसत नव्हती. दर वर्षी ती कुणी हाक मारायच्या आत तारेला येऊन नाक लावायची.

"हिर्रर्र, आ, आ, मंगळेऽ!" रखमाजीनं शेरडांना घालतात ती हाक घातली. नर कान टवकारून लांब गेला. जाळी हलली नाही.

"मादी आठ दिस झालं भाईर येत न्हाई," मागून येत मानसिंग म्हणाला. "चारा ठिवतो, आमी गेल्यावर खाती. मानूस दिसलं की आत."

"आजारी हाय का?"

"त्ये कळाया ती दिसाया तर पायजे."

रखमाजी तिथंच खाली बसला. एवढ्यात बाकीची मंडळी येऊन पोचली. काय झालं ते ऐकून ठकुबाईनं पदराची गाठ सोडली. नाचणीच्या भाकरीचा तुकडा आणि वर मीठ. लहानपणी मंगळी तिच्या तळव्यावरचं मीठ चाटून काढायची. ठकुबाईनं हात तारेतून आत घातला, आणि मानसिंगची शिट्टी कानाशी कडाडली.

"सांगितलं न्हवं, खायाला टाकायचं न्हाई?"

"टाकत न्हाई, हातात धरलंय," ठकुबाई म्हणाली. "आन् तू रं कोण आडवणारा? ह्या पोरीला म्या शेळीच्या आचळाला लावून जगवलीया. आज आमी मुलूख सोडून चाललो, तर तिला म्हायेरची भाकर बंद व्हय?"

"तुमची कशावरनं? समदी असंच म्हंत्यात. परवा एक म्हातारी मोराला बी आपलाच म्हणत व्हती." मानसिंगनं खिशातून वही काढली. दाजीसाहेबांनी तीत एकेका जनावराचं वर्णन लिहून ठेवलं होतं. तो अक्षरं जुळवत वाचू लागला, "भेकर, मादी. रंग तांबूस. डावा कान... फाटका."

रखमाजी ताडकन उठला. "फाटका? कोण म्हंतो फाटका? त्यो म्या कातरलाय!" त्यानं काठी उलटी धरली आणि मातीत एक मोठा कान काढला. कडेला त्रिकोणी कात्रा, त्याच्या खाली बारीक चीर. "हे असं हाय का न्हाई? बग! विंझरच्या डोंगरात चल, असलं त्रेसष्ट कान दावतो. ही माजी खूण हाय. म्या सवता लावली, डोळं उघडं ठिवून लावली!"

ठकुबाईनं तोंडाला पदर लावला.

मानसिंग वाकून मातीतला कान बघत राहिला. "नेमका असाच हाय," तो म्हणाला. "म्या म्हनलं, काट्याकुट्यात फाटला असंल." त्याचा आवाज खाली आला होता. "पर आज्या, तीच येत न्हाई भाईर, त्याला मी काय करू?"

"मला भंडारा लावायचाय तिला," रखमाजी म्हणाला. आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते या परक्या माणसापुढं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "खुणेचं जनावर मागं टाकून जाता येत न्हाई, दादा. रोज सांजच्याला मी तिला मोजतो. त्रेसष्ट वाडग्यात आन् एक भोराला. असाच निघून गेलो, तर उद्या त्ये 'एक' कुठल्या तोंडानं म्हनू?"

सोनबा बापाकडं बघतच राहिला. सहा वर्षं त्याला वाटत होतं, की म्हातारा निव्वळ हट्टापायी तसं म्हणतो. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मानसिंगनं इकडंतिकडं पाहिलं आणि कमरेची किल्ली काढली. "एकच मानूस. जाळीत घुसायचं न्हाई. आपणहून आली तर आली. शिट्टी वाजली की मुकाट भाईर."

रखमाजी आत गेला, मागं दार लागलं, आणि आता करायचं काय ते त्याला सुचेना. हाक मारून झाली होती, मीठ दाखवून झालं होतं. दहा पावलांवर जाळी गप्प उभी होती. उभं राहून राहून त्याचे गुडघे आपोआप वाकले आणि तो दाराच्या कडेला उकिडवा बसला, रोज वाडग्याच्या तोंडाशी बसायचा तसा. उजवा हात पुढं झाला.

"लाभ," तो सुरात म्हणाला.

बाहेर बयाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"दोन. तीन. चार." प्रत्येक आकड्याला रखमाजीचा हात मोकळ्या हवेवर पडत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढून एकेक शेरडू जात होतं. तांबडी, चांदी, मोडक्या शिंगाची, मग ती आगाऊ तरणी शेळी जी रोज धक्काबुक्की करून पुढं घुसायची. तिला त्यानं इथंही एक चापटी दिली. विसाला मानसिंगनं खिशातलं घड्याळ काढलं. तिसाला परत ठेवलं. बाजार करून आलेली चार माणसं कुंपणाशी थांबली आणि 'म्हातारा काय मोजतोय' म्हणून विचारू लागली. मानसिंगनं त्यांच्यावर डोळे वटारले.

चाळीस झाले, पन्नास झाले. रखमाजीचा आवाज बसू लागला, पण मोजणी अर्धी टाकायची नसते. साठाला त्याच्या मनात आलं, आता तीनच राहिली, आणि त्यापुढं? त्यानं आकडे लांबवले. "एऽकसष्ट. बाऽसष्ट." घसा खाकरला. "त्रेऽसष्ट."

जाळी हलली.

आधी नाक बाहेर आलं, मग डावा कान, कात्र्यासकट. सगळी आत गेल्यावर आपण जायचं, ही मंगळीची सवय होती, आणि मोजणीच्या शेवटच्या सुराआधी ती रखमाजीच्या वाडग्याच्या दारात कधी आली नव्हती. ती सावकाश चालत आली आणि थेट त्याच्या हाताखाली उभी राहिली. हात पाठीवर पडला.

"आन् एक," रखमाजी म्हणाला, आणि म्हाताऱ्याला रडू फुटलं. त्यानं ते लपवलंही नाही.

"आजा, दोन!" साळू किंचाळली. "दोन हायती!"

मंगळीच्या मागच्या पायांआड जेमतेम मांजराएवढं एक पाडस उभं होतं. अंगावर पांढरे ठिपके, पाय लटपटणारे. आठ दिवसांचं असेल नसेल.

"आयला!" शिस्त, पलटण सगळं विसरून मानसिंगनं तारेला नाक लावलं. "म्हणून बाईसाब भाईर येत न्हवत्या व्हय!"

रखमाजीनं पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा घेतला आणि मंगळीच्या कपाळाला लावला. तिनं डोळे मिटले. आता 'चला' म्हणायचं. पण शब्द ओठावर आला आणि तिथंच थांबला. ही कशाला चालेल? हिचं सगळं इथंच आहे. तो नर, ती जाळी, हे ठिपक्यांचं पोर. आपण समजत होतो ही मागं राहणार, आणि ही तर संसार मांडून बसली आहे. त्याच्या छातीवरचा कितीतरी दिवसांचा दगड बाजूला झाला.

"ऱ्हा गं पोरी सुखानं," तो म्हणाला. त्याच्या घराण्यात भंडारा लावून 'ऱ्हा' म्हणणारा तो पहिलाच असेल.

मग पाडसाचा कोवळा कान बघता बघता त्याचा हात सवयीनं कमरेच्या कातरीकडं गेला. बाहेर मानसिंगनं शिट्टी तोंडात धरली. पण रखमाजीनं हात आपणच मागं घेतला. "भिऊ नगंस," तो मानसिंगला म्हणाला. "हिचा कान हिचाच." पाडसाला या बोलण्याचं काही नव्हतं. त्यानं आईच्या कपाळावर नाक घासलं आणि पिवळंजर्द करून घेतलं. रखमाजी डोळे पुसता पुसता हसायला लागला.

ठकुबाईनं तारेतून मीठभाकरीचा हात पुन्हा आत घातला. मानसिंगनं ते पाहिलं, आणि "अजगर उठला का बगून येतो," असं म्हणून तो चांगला लांब निघून गेला. परत आला तेव्हा मंगळी ठकुबाईचा तळवा चाटून मोकळी झाली होती. त्यानं वही उघडली, पेन्सिलीला थुंकी लावली, 'फाटका' हा शब्द खोडला आणि मातीत बघून बघून तिथं तो कान काढला, कात्र्या-चिरेसकट.

गुरुवारी सकाळी त्रेसष्ट कपाळांना भंडारा लागला आणि रखमाजी 'चला' म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वाटेवरच्या किकवीजवळ पोचले. एका शेतकऱ्यानं आपल्या मोकळ्या रानात शेरडं बसवायला जागा दिली. सोनबानं काट्यांचं वाडगं उभं केलं, बयाबाईनं तीन दगडांची चूल मांडली, आणि रखमाजी नव्या वाडग्याच्या तोंडाशी उकिडवा बसला. लाभ, दोन, तीन. त्रेसष्टाला मोजणी संपली. त्यानं काटी ओढली, गुडघ्यांवर हात टेकून उठला. भाकरी थापता थापता बयाबाईचे हात थांबले.

"आन् दोन भोराला," रखमाजी म्हणाला.

"आबा, त्या पाडसाला खूण कुठं हाय आपली?" सोनबानं हळूच विचारलं.

"नाक पिवळं झालं न्हवं त्याचं? झालं तर मंग."

"बगा बाई, नीट मोजा," ठकुबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "चुकला बिकला असाल."

आता म्हातारा पेटणार म्हणून सगळे वाट बघत राहिले. पण रखमाजी दगडावर टेकला, त्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि टाळूवरून हात फिरवला.

"मोजणी बरूबर हाय," तो म्हणाला. "चुकलो त्ये सात वरसांमागं. डोळं मिटलं व्हतं म्या, आन् कान कुणाचा त्ये मला काय बी कळलं न्हवतं." त्यानं आल्या वाटेकडं पाहिलं. "पर लई ब्येस चुकलो गं."

ठकुबाईनं पहिली गरम भाकरी त्याच्या पुढं ठेवली आणि वर चिमूटभर मीठ घातलं.